मिग-२९ आत्ताच घ्यावं की थांबावं? आणि तेजसची वाट बघण्यात काही अर्थ आहे का?

बागायतदार_पायलट (पिंपळगाव बसवंत)

नमस्कार मंडळी. या सिमच्या (संगणकावर विमान उडवण्याच्या खेळांच्या) फोरमवर बहुतेक जण प्रवासी विमानवाले, एअरबस-बोइंगवाले आहेत हे माहीत आहे, पण नाशिकचे चार-पाच तरी लोक सापडतील म्हणून इथेच विचारतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर प्रश्न कळणार नाही. आमची द्राक्षाची बाग पिंपळगावला. लहानपणी बागेत काम करताना डोक्यावरून ओझरच्या विमान कारखान्याची मिग जायची. आवाज आधी नाही, विमान आधी. वर बघेपर्यंत ते पार निफाडकडे गेलेलं असायचं आणि मग तो फाडल्यासारखा आवाज यायचा. आता मी अंबडला एका कारखान्यात व्हीएमसी मशीनवर प्रोग्रॅमिंग करतो, सेकंड शिफ्टहून घरी आलो की रात्री सिम. आमचे तात्या म्हणतात, "डावणी आलीये बागेवर आणि हा इथं विमानं फिरवतोय." फवारणी मीच करतो, पण ते त्यांना सोयीस्कर दिसत नाही.

सामान साधं आहे. थ्रस्टमास्टरची टी-१६००० जॉयस्टिक, तिच्याबरोबरचा टीडब्ल्यूसीएस थ्रॉटल, ३२ जीबी रॅम, सेकंडहँड आरटीएक्स ३०६०. पेडल नाहीत. डोकं वळवल्यावर दृश्य वळावं म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यावरचं एक अ‍ॅप.

आता मुद्दा. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिममध्ये मिग-२९ पूर्वीपासून आहे, पण ते फ्लेमिंग क्लिफ्स या सोप्या संचातलं. कॉकपिट दिसतं छान, पण बटणं दाबता येत नाहीत, सगळं कीबोर्डवर. खरं बटण-न्-बटण चालणारं मिग-२९ यावं म्हणून लोक किती वर्षं डोळे लावून बसले होते ते तुम्हाला सांगायला नको. दर शुक्रवारी रात्री डीसीएस बनवणाऱ्या ईगल डायनॅमिक्सचं वार्तापत्र आलं की मी आधी चित्रंच बघायचो. कधी नुसतं डायलचं चित्र, कधी सीटचा पट्टा. त्या एका पट्ट्याच्या शिवणीवर आम्ही ग्रुपवर रात्री एक वाजेपर्यंत बोललोय. आणि "कधी येणार" विचारलं की तो जुना विनोद ठरलेला: दोन आठवड्यांत.

शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये ते अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे काम अपुरं असतानाच विक्रीला, आलं. त्याच महिन्यात, २६ तारखेला, हवाई दलाने चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला. आमच्यासारख्यांना हा योगायोग जरा जास्तच लागला. माझं मन त्या आठवड्यातच विमान घ्यायला तयार होतं, हात थांबला.

थांबण्याचं कारण असं, की माझ्याकडे आधीचं एक मॉड्यूल, म्हणजे सिममध्ये वेगळं विकत घ्यायचं विमान, आहे. नाव घेत नाही. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये घेतलं, अर्धी कामं बाकी होती, मग ते बनवणारे आणि विकणारे यांच्यात पैशावरून वाद झाला आणि काम जागच्या जागी थांबलं. विमान उडतं, पण जे येणार म्हणून पैसे भरले ते आलं नाही. आता कुठलंही नवीन विमान जाहीर झालं की आनंद होतो आणि पाठोपाठ पोटात गोळा येतो.

तर प्रश्न दोन:

एक, मिग-२९ आत्ता घ्यावं, की मार्चला द्राक्षाचे पैसे आल्यावर, तोपर्यंत थोडं पक्कं होईल म्हणून थांबावं?

दोन, १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तेजस मार्क-१ए उडालं, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच धोशा: आता सिममध्ये तेजस येणार. खरंच येईल का? की तेजसच्या आशेवर पैसे राखून ठेवणं म्हणजे वेडेपणा?

आणि एक रडगाणं, प्रश्न नाही. डीसीएसमध्ये भारताचा नकाशाच नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये ओझरची धावपट्टी आहे, आमची बाग असलेलं शेतसुद्धा उपग्रहाच्या चित्रात ओळखू येतं, पण तिथे शस्त्रं चालत नाहीत आणि लढाऊ विमानांचं रडार बहुतेक देखाव्यापुरतं. जिथे मिग आहे तिथे ओझर नाही, जिथे ओझर आहे तिथे माझं मिग नाही.

---

गंगापूररोड_एटीआर

दादा, तुमचं रडगाणं वाचून वाईट वाटलं, पण उपाय आहे. लढाऊ विमानं सोडा, आमच्यात या 😄

मस्करी बाजूला. तुम्हाला ओझरहूनच उडायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिमचं एटीआर ७२-६०० घ्या. एप्रिल २०२३ मध्ये आलं, हान्स हार्टमान यांनी बनवलेलं. इंडिगोची एटीआर ओझरला बघितली असेलच, तेच विमान. मी कॉलेजला सबमिशनच्या आधी ताण घालवायला ओझर-हैदराबाद मारतो.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: एटीआरला मागे छोटं सहायक इंजिन नसतं. मग जमिनीवर वीज आणि थंड हवा कुठून? उजवं इंजिन चालू ठेवायचं आणि त्याच्या पंख्याला ब्रेक लावायचा. इंजिन फिरतंय, पंखा थांबलेला. याला हॉटेल मोड म्हणतात. खऱ्या विमानतळावर उजवीकडून तो आवाज येत असतो आणि पंखा स्थिर दिसतो, तेव्हा माझ्या आईला वाटलं होतं विमान बिघडलंय. सिममध्ये हे नीट केलंय.

वाट बघण्याबद्दल: मी सिमसाठी विमानं बनवणाऱ्या पीएमडीजीच्या ७४७ साठी थांबलोय. एअर इंडियाचं शेवटचं ७४७ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमचं गेलं. पीएमडीजीचं यायच्या आत जुन्या रंगातली महाराजाची लिव्हरी (विमानाची रंगसजावट) कोणीतरी बनवेल असा माझा अंदाज आहे, लिव्हरी बनवणारे विमानाच्या आधी तयार असतात. तोपर्यंत फ्लायबायवायर या हौशी गटाचं ए३८० आहे. फुकट आहे आणि फुकटच्या मानाने जरा जास्तच चांगलं आहे.

फक्त इंटरनेट तपासा. मायक्रोसॉफ्टचं २०२४ चं सिम बरंचसं नेटवरून ओढून घेतं, ते किमान १० एमबीपीएस सांगतात, पण बरं चालायला ५० लागतात. पिंपळगावला फायबर आहे का?

---

पाथर्डीफाटा

बागायतदार, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, तेच सोपं आहे. तेजससाठी पैसे राखून ठेवू नकोस.

कारण सांगतो. तेजस मुद्दाम अस्थिर बनवलेलं आहे. शेपटीचे आडवे पंख नाहीत, निव्वळ त्रिकोणी पंख, आणि विमान स्वतःहून सरळ राहत नाही. चार चॅनेलचं डिजिटल फ्लाय-बाय-वायर दर क्षणाला ते सावरत असतं. पायलट काठी हलवतो तेव्हा तो पृष्ठभाग हलवत नाही, संगणकाला विनंती करतो. म्हणजे तेजस कसं उडतं हे त्या नियंत्रण-नियमांत लिहिलेलं आहे, आणि ते कोणी सिमवाल्याच्या हातात देणार नाही. जानेवारी २००१ मध्ये पहिलं उड्डाण झालेलं विमान, अजून नवीन आवृत्त्या निघतायत, सेवेत आहे. मग कोणीही बनवलं तरी बाहेरून तेजस आणि आतून अंदाज. हौशी मंडळी फुकट मॉड करतील, ते आनंदाने उडवू, पण ते वेगळं.

सुखोईचंही तेच. नव्या रशियन विमानांबद्दल कायद्याच्या अडचणी आहेत हे ईगल डायनॅमिक्सने उघड सांगितलेलं आहे. म्हणून तर त्यांनी मिग-२९ मध्ये जुनी ९-१२ आवृत्ती निवडली. जुन्या विमानाची पुस्तकं जगभर पसरलेली, ते उडवलेले पायलट निवृत्त होऊन बोलायला मोकळे. सिममध्ये कुठलं विमान येणार हे ओळखायचं असेल तर बातम्या बघू नकोस, कुठल्या विमानाची मॅन्युअल बाहेर आलीत ते बघ.

आता अर्ली अ‍ॅक्सेस. आमच्या पाथर्डी फाट्याला बुकिंगच्या फ्लॅटमध्ये जे होतं तेच: सॅम्पल फ्लॅट बघून पैसे भरायचे, बुकिंगला स्वस्त, पझेशनची तारीख बिल्डरच्या मनात. ज्याला स्वस्तात हवं आणि धीर आहे त्याने घ्यावं. ज्याला डोक्यावर छप्पर हवं त्याने ताबा मिळणाऱ्यात जावं. तुझा आधीचा अनुभव बघता तू दुसऱ्या प्रकारचा आहेस. पूर्ण खोलीचं मॉड्यूल म्हणजे सत्तर-ऐंशी डॉलरची गोष्ट. सूट वर्षातून बऱ्याचदा लागते, कुठे पळत नाही.

स्टीम या ऑनलाइन दुकानावरून घेणार असशील तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलास तर पैसे परत मिळू शकतात. पण मिग-२९ सारख्या विमानाचे दोन तास म्हणजे स्टार्टअप शिकण्यातच जातात, त्यामुळे हा दिलासा कागदावरचाच.

---

टाउनशिप_जुना

सर्वांना नमस्कार. मी एचएएलमधून, म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यातून, निवृत्त. १९६४ साली मिगसाठीच आमचा नाशिक विभाग उभा राहिला, मी बऱ्याच नंतर लागलो, मिग-२१ च्या लाइनवर, पुढे मिग-२७. नातू पुण्याला असतो, त्याच्याकडे हा डीसीएसचा खेळ आहे. दिवाळीत त्याने मला बसवलं. आधी म्हटलं, पोरखेळ. मग त्याने मिग-२१ बिसचं कॉकपिट उघडलं आणि तो हिरवट-निळा रंग दिसला. पुढचा अर्धा तास मी उडवलं काहीच नाही, नुसते स्विच बघत बसलो. सुनबाई चहा ठेवून गेल्या, तो गार झाला.

आतलं गुपित वगैरे मी काही सांगणार नाही, सांगण्यासारखं आता उरलंही नाही. जे लिहितो ते छापील पुस्तकांत आहे.

चिरंजीव, तुमचा प्रश्न घ्यावं की थांबावं. मी वेगळं सांगतो. नवीन विमान येणार असलं की हे लोक व्हिडिओ टाकतात. नातवाने मला पाच-सहा दाखवले. प्रत्येकात तेच: आफ्टरबर्नर, सूर्यास्त, गाणं, ढग. त्यातून काहीही कळत नाही. विमान बनवणाऱ्याने अभ्यास केलाय का हे बघायचं असेल तर ते विमान जमिनीवर कसं चालतं ते बघा. टॅक्सी करताना, आणि उतरल्यावर धावपट्टी सोडेपर्यंत. व्हिडिओत हे दाखवत नसतील तर समजा तिथे काहीतरी उरलंय.

उदाहरण मिग-२१ चं. त्याचं पुढचं चाक मोकळं असतं, त्याला स्टिअरिंग नाही. वळायचं कसं? ब्रेकने. आणि ब्रेक हवेवर चालतात. काठीच्या पुढच्या बाजूला बोटांनी दाबायची लिव्हर असते, ती दाबून पायाने पेडल द्यायचं, म्हणजे एका चाकाला जास्त हवा, एकाला कमी, आणि विमान वळतं. हवेची बाटली मर्यादित. नवखा माणूस टॅक्सी करतानाच फुस्स फुस्स करून हवा संपवतो, मग थांबायला काही राहत नाही. हँगरमध्ये तो आवाज आम्हाला झोपेतही ओळखू यायचा. नातवाच्या खेळात तो आवाज आहे आणि हवेचा काटाही खाली येतो. तिथे मी त्या बनवणाऱ्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसरं, इंधन. मिग-२१ मध्ये जो इंधनाचा काटा दिसतो तो टाकीत डोकावून सांगत नाही. तो मोजणी करतो. उड्डाणाआधी किती भरलं ते हाताने लावायचं आणि मग किती खर्च झालं ते तो वजा करत जातो. चुकीचं लावलंत तर वर गेल्यावर तो शांतपणे खोटं बोलेल. नातवाला हे माहीतच नव्हतं, तो म्हणाला, आजोबा, मला वाटलं बग आहे.

मिग-२९ बद्दल. ते आमच्याकडे नाही, शेजारी हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे, ओझरलाच, तिथे त्याची दुरुस्ती होते. म्हणजे तुमचं मिग-२९ सुद्धा ओझरचंच पाहुणं आहे. भारतात ते १९८७ पासून, हवाई दल त्याला बाझ म्हणतं. त्याचा जमिनीवरचा स्वभाव बघायचा असेल तर दोन गोष्टी. एक, पुढच्या चाकाला मागे मडगार्ड आहे, हो, सायकलला असतं तसंच, खडे उडून इंजिनात जाऊ नयेत म्हणून. दोन, इंजिन चालू झालं की खालची हवा घ्यायची मोठी तोंडं दारांनी बंद होतात आणि पंखाच्या वरच्या बाजूच्या झडपांतून हवा आत जाते. उड्डाणासाठी धावताना साधारण ताशी २०० किलोमीटरला खालची दारं उघडतात. कच्च्या, खडेवाल्या धावपट्टीवरूनही उडता यावं म्हणून ही सगळी उठाठेव. व्हिडिओत पुढून धावतानाचं दृश्य शोधा, दारं योग्य वेळी उघडतात का बघा. ज्याने ते केलंय त्याने आतलंही बऱ्यापैकी केलं असेल.

तेजस मी निवृत्त झाल्यानंतरचं. त्याबद्दल पाथर्डीवाल्यांनी लिहिलं ते पटलं. पण १७ तारखेला ते उडालं तेव्हा आम्ही जुने लोक टाउनशिपच्या गच्चीवर होतो, एवढं सांगतो.

---

बागायतदार_पायलट

काका, हे तुम्ही वेगळा धागा काढून लिहा ना. प्रत्येक विमानाचा जमिनीवरचा स्वभाव. मी रात्री परत जाऊन मिग-२९ चे सगळे व्हिडिओ बघितले, या वेळी फक्त चाकं आणि दारं. एका स्ट्रीमवाल्याने पूर्ण टॅक्सी दाखवली आहे, कंटाळवाणा म्हणून त्याला लोकांनी खाली शिव्या घातल्यात. तोच व्हिडिओ कामाचा निघाला. दारं उघडताना स्पष्ट दिसतात. मडगार्ड तर आहेच.

पाथर्डीफाटा, मॅन्युअल बाहेर आली का ते बघ, हे डोक्यात बसलं. म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या खिडकीत डोकावत होतो असं नाही, चित्रं बघायला मजा येतेच, पण अंदाज बांधायला ती उपयोगी नाहीत. तेजसचा विषय आमच्या ग्रुपवर मी आज बंद करतो. दोन जण चिडतील. त्यातला एक पंचवटीचा आहे, त्याने तेजसची लिव्हरी आधीच कागदावर काढून ठेवलीय.

एटीआर भाऊ, पिंपळगावला फायबर आहे, लाईट मात्र फवारणीच्या मोटारीच्या वेळेला जाते. हॉटेल मोड बघायला तरी घेईन. तात्यांना दाखवायला बरं, त्यांना वाटेल पोरगा निदान प्रवासी नेतोय.

आता ठरलं असं, की मिग-२९ मार्चला. तोपर्यंत मिग-२१.

---

पाथर्डीफाटा

मिग-२१ विकत घेऊ नकोस लगेच. डीसीएसच्या स्वतःच्या आवृत्तीत, म्हणजे स्टीमवर नाही, बहुतेक मॉड्यूल १४ दिवस फुकट वापरून बघता येतात, आणि काही महिन्यांनी तेच परत मिळतं. मिग-२१ बिस २०१४ पासून आहे, तिथे बुकिंगचा प्रश्न नाही, जे आहे ते समोर आहे. फक्त ज्या पंधरवड्यात तुला रात्रीची मोकळीक आहे तो निवडून सुरू कर. ऐन छाटणीत सुरू करशील आणि मग म्हणशील संपलं.

आणि पेडल नाहीत म्हणालास. काकांनी जे ब्रेकचं सांगितलं ते पेडलशिवाय जड जाणार आहे.

---

बागायतदार_पायलट

हाच प्रश्न आता विचारणार होतो. काका, ती ब्रेकची लिव्हर मी जॉयस्टिकच्या ट्रिगरखालच्या बटणावर लावू का? बोटांना तिथेच सापडेल.

---

टाउनशिप_जुना

बटणावर नको. बटण म्हणजे एक तर काहीच नाही, नाही तर पूर्ण ब्रेक. विमान मान टाकेल आणि हवा भसाभस जाईल. लिव्हर हळूहळू दाबली जायला हवी. नातवाला विचारून सांगतो, त्याच्याकडे तुमचीच काठी आहे.

---

टाउनशिप_जुना

नातवाचा निरोप: थ्रॉटलच्या मागे बोटांनी हलवायची पट्टी आहे ती रडरला (शेपटीच्या सुकाणूला, जे पेडलने चालतं) द्या. इंजिन थ्रॉटलवर असल्यामुळे जॉयस्टिकच्या बुडाशी असलेली छोटी सरकपट्टी रिकामी राहते, ती ब्रेकला द्या. कंट्रोलच्या यादीत अक्षांच्या भागात ब्रेक शोधा, बटणांच्या भागात नाही. उलटा चालला तर इनव्हर्टवर टिक. आणि पहिल्या दिवशी उडवू नका, नुसतं धावपट्टीच्या टोकापर्यंत जाऊन वळून परत या. हवेच्या काट्यावर लक्ष ठेवा.

---

गंगापूररोड_एटीआर

काका, ७४७ चं जमिनीवर काय बघायचं ते पण सांगा ना 🙏

---

टाउनशिप_जुना

ते मला काय विचारता, मी लढाऊवाला. पण मागची चाकंसुद्धा वळतात असं ऐकलंय, तीव्र वळणावर. ते बघा दाखवतात का.